नाशकात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

ही हकिगत मी आजवर पुष्कळदा सांगितली, पण नेहमी अनेकवचनात. "आम्हाला असं दिसलं", "आमच्या लक्षात आलं", "मग आम्ही डोंगरावर गेलो". कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना वर्गात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, खुद्द वडिलांच्या समोरही सांगितली, आणि दरवेळी त्या 'आम्ही'च्या आड नीट लपून बसले. आता पन्नाशी ओलांडली आहे. ते मी पाहिलं होतं, मी बोलले होते, आणि त्यापायी माझ्या वडिलांना जे ऐकावं लागलं तेही माझ्यामुळेच. तरीही मी खूश होते. हे शेवटचं वाक्य लिहायलाच एवढी वर्षं लागली.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. नाशिकच्या एका हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी त्याच शाळेत दहावीला होते. घरी आबा, शाळेत सर, असा आमचा करार होता आणि दोघंही तो काटेकोर पाळायचो. वाटेत भेटले तरी शाळेच्या फाटकापासून पुढे ते मला ओळखत नसत.

प्रयोग अगदी साधा होता. चंचुपात्रात पाणी घ्यायचं, ते तिपाईवर ठेवायचं, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, पाण्यात थर्मामीटर सोडायचा. पारा चढत जातो, पाणी खळखळायला लागतं आणि पारा एका जागी थांबतो. तो थांबेल तो पाण्याचा उत्कलनबिंदू. आमच्या प्रयोगशाळेत तो दरवर्षी अठ्ठ्याण्णवला थांबायचा आणि दरवर्षी सगळी मुलं शंभर लिहायची. यात कुणाला खोटेपणा वाटत नसे. शाळेचे थर्मामीटर दोन डिग्री कमी दाखवतात, हे ज्ञान वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे आपोआप येत होतं. एकदा नव्या थर्मामीटरांची पेटी आली. तेही दोन कमी. आबा म्हणाले, "एकाच कारखान्याचा माल दिसतोय."

गंमत अशी, की 'उंच पर्वतावर हवेचा दाब कमी असल्यामुळे अन्न लवकर शिजत नाही' हे वाक्य आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. 'कारणे द्या'मध्ये ते हमखास यायचं. पण उंच पर्वत म्हणजे हिमालय! समुद्रापासून दोन हजार फूट वर बसून आम्ही ते वाक्य घोकत होतो आणि आपण स्वतःच वर आहोत, हे आमच्या गावीही नव्हतं.

त्या वर्षी मी वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं. बंडखोरी म्हणून नव्हे. दोनदा पाहिलं, दोनदा तेच दिसलं, म्हणून लिहिलं. आबा टेबलाटेबलांमधून फिरत माझ्यापाशी आले.

"हे काय लिहिलंस?"

"दिसलं ते, सर."

"आणि यायला किती पाहिजे?"

"शंभर."

"मग?"

"आलं अठ्ठ्याण्णव."

"थर्मामीटर चुकतो गं बाई, नियम नाही चुकत. पाण्याला काय माहीत आपण कुठल्या गावात राहतो!"

"थर्मामीटरला माहीत असेल, सर."

वर्ग हसला. मलाही बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक आवाज आला, "सर, पाण्याला दोन डिग्रीची सवलत देऊन टाका!"

आता हसणं वेगळं होतं. सवलत हा शब्द तेव्हा कुणाकडे बघून उच्चारायचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं घर बौद्ध, राहायचोही आमच्याच लोकांच्या कॉलनीत. आबा फी-माफीवर शिकलेले, आणि वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या घरी त्यांच्या नोकरीबद्दल काय बोललं जातं, ते पोरांच्या तोंडून कधीमधी सांडायचंच. आबांनी त्या मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या वहीतला आकडा लाल पेनाने खोडून शंभर केला आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आठवड्याभरात त्यांचं नाव पडलं, 'दोन डिग्री'. "दोन डिग्री आले रे, गप्प बसा." फळ्यावर कुणीतरी कोपऱ्यात दोन लिहून त्यावर बारीकसं शून्य काढून ठेवायचं. एकदा वह्या द्यायला मी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी होते, तर गणिताचे सर आबांना म्हणत होते, "काय हो, तुमच्यात म्हणे पाण्यालाही सवलत असते?" चहा पिणारे सगळे हसले. आबाही हसले. त्यांचं ते हसणं मला आजही नको वाटतं. वह्या तशाच छातीशी धरून मी परत फिरले.

घरी ते रागावले असते तर बरं झालं असतं. दोन-तीन दिवसांनी जेवण झाल्यावर आपण होऊनच म्हणाले, "तुला वाटतं, मी हट्टी आहे."

"नाही आबा."

"आहे. पण का ते ऐक. आमच्या गावात आपल्या लोकांचा पाणवठा वेगळा होता, हे तुला माहीत आहे. शाळेत मी दाराबाहेर बसायचो, हेही माहीत आहे. एकदा मास्तरांनी पाणी उकळून दाखवलं. भांडं उतरवताना त्यांचा हात सटकला. थोडं त्यांच्या मनगटावर सांडलं, बाकी उंबऱ्यावरून वाहत माझ्या पायावर आलं. दोघं एकाच सुरात बोंबललो." आबा स्वतःशीच हसले. "त्या दिवशी मला कळलं, पोरी, की एक तरी कायदा असा आहे, जो माणूस बघून केलेला नाही. म्हणून मी विज्ञानाचा मास्तर झालो. आता तू म्हणतेस, नाशकात वेगळं. उद्या सिन्नरला वेगळं. परवा गावात वेगळं आणि गावाबाहेर वेगळं. मग राहिलं काय?"

"हिमालयात वेगळं असतंच की."

"तो अपवाद."

हा शब्द ते दातांखाली खडा आल्यासारखा उच्चारायचे. कॉलनीबाहेरचे भले लोक त्यांना कौतुकाने म्हणायचे, "मास्तर, तुम्ही अपवाद हो, तुमच्यासारखे सगळे असते तर..." घरी येऊन आबा बराच वेळ हात धूत बसायचे. अपवाद म्हणजे कुणीतरी मेहेरबानीने उघडलेली खिडकी, आणि ती कधीही लागू शकते. त्यांना खिडकी नको होती, दार हवं होतं, सगळ्यांना सारखं. शंभर हा आकडा त्यांच्यासाठी ते दार होतं.

आणि मी ते दोन डिग्रीने किलकिलं केलं होतं.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. पुस्तकातलं वाक्य 'पाणी शंभर अंशांना उकळते' असं नव्हतंच. 'प्रमाण वातावरणदाबास शुद्ध पाणी शंभर अंशांना उकळते' असं होतं. ते पहिले दोन शब्द आम्ही आरतीच्या सुरुवातीसारखे भरभर म्हणून टाकायचो. आबाही म्हणायचे. मी त्या दोन शब्दांपाशी येऊन अडकले होते.

डिसेंबरात आम्ही सगळे दादरला जायचो. चैत्यभूमीचं दर्शन घ्यायचं, मैदानात कॉलनीतल्या लोकांबरोबर एक दिवस राहायचं, पुस्तकं घ्यायची आणि परत यायचं. जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "आबा, थर्मामीटर बरोबर घ्यायचा?"

त्यांना लगेच कळलं. दादर म्हणजे समुद्र.

"तिथंही अठ्ठ्याण्णवच आलं तर?"

"तर थर्मामीटर खोटा. वर्गात उभी राहून सांगेन, माझं चुकलं म्हणून."

"आणि शंभर आलं तर?"

मी पिशवीत कपडे भरायला लागले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. शाळेतला थर्मामीटर त्यांनी कापसात गुंडाळला, बांबूच्या नळीत घातला आणि नाशिकरोडपासून दादरपर्यंत ती नळी मांडीवर धरून बसले. घाटात गाडी उतरायला लागली तेव्हा माझे कान दडपले. मी आबांकडे पाहिलं. तेही जबडा हलवत कान मोकळे करत होते.

मैदानात आमच्या आत्याने स्टोव्ह मांडला होता. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. सगळ्या कॉलनीला चहा पाजायचं काम ती कुणाला करू द्यायची नाही. पातेल्यात नुसतं पाणी चढलं होतं, पत्ती पडायची होती. मी नळीतून थर्मामीटर काढला.

"अगं ए! चहात काय घालतेस ते?"

"चहा नाही झाला अजून आत्या, पाणी आहे. किती गरम होतंय ते बघायचंय."

"पाण्याला ताप आलाय होय!" आत्या ओरडली. बाया हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "बघ गं, औषध लिहून दे जरा." आत्या आबांवर घसरली, "मास्तर, पोरीला डॉक्टर करायची तर माणसांवर कर. माझ्या पातेल्यावर का?"

"पाच मिनिटं थांब आक्का," आबा म्हणाले.

मी थर्मामीटर तळाला टेकू न देता धरला. वाफेने हात भाजत होता. पारा नव्वद ओलांडून गेला. पंच्याण्णव. पाण्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले. अठ्ठ्याण्णव. शाळेत तो इथेच थांबायचा. इथे थांबला असता तर सगळं सोपं झालं असतं. आबा बरोबर, कारखाना चूक, मी मूर्ख. पारा थांबला नाही. नव्याण्णव झाले. पाणी खळखळा उकळायला लागलं आणि पारा शंभराच्या रेघेला जाऊन जो टेकला, तो हलेचना.

"शंभर!" मी ओरडले. "आबा, शंभर! तोच थर्मामीटर! नाशिकचं खरंच अठ्ठ्याण्णव आहे!"

मी अक्षरशः उड्या मारत होते. आजूबाजूला निळे झेंडे, दर्शनाची रांग, गंभीर चेहरे, आणि मध्येच मी. हीच ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही. त्या वेळी मला आबांचा अपमान आठवला नाही, त्यांचा पाणवठा आठवला नाही. मी पंधरा वर्षांची होते, शाळेत एकटी पडले होते आणि मी जिंकले होते. तो आनंद इतका स्वच्छ होता की नंतर त्याची लाज वाटायला लागली आणि ती लाज मी पुढे कित्येक वर्षं सांभाळली. आज वाटतं, लाजेचं काही कारण नव्हतं.

मग मी आबांकडे पाहिलं. ते पातेल्याकडे बघत होते.

"म्हणजे इथं एक आणि तिथं एक," ते म्हणाले.

मी धावतच बोलत सुटले. "गावाचं नाही आबा, हवेचं आहे. इथं हवेचं ओझं जास्त, म्हणून पाण्याला जास्त तापावं लागतं. आपण वर राहतो, आपल्या डोक्यावर हवा कमी. पाण्याला गाव कळत नाही, तुम्ही म्हणालात ते बरोबरच आहे. त्याला फक्त ओझं कळतं."

आबांनी मान वर केली. वर्गात विचारायचे तसे एकेक प्रश्न विचारू लागले.

"आपल्या कॉलनीत अठ्ठ्याण्णव?"

"हो."

"आणि गणिताच्या सरांच्या घरी?"

"अठ्ठ्याण्णव."

"आमच्या गावात, पाटलाच्या वाड्यात जे असेल, ते आमच्या वस्तीत?"

"तेच. अर्ध्या डिग्रीचाही फरक नाही."

"आणि पाटील डोंगरावर जाऊन बसला तर?"

"तर त्याचंही उतरणार. तो पाटील आहे म्हणून पाणी थांबणार नाही."

आबा उकिडवे बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, "अपवाद नाही हा." आणि मग, शब्द सापडल्यासारखं, "अट आहे. अट! अपवाद एकासाठी करतात. अट सगळ्यांना लागू." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "आक्का, टाक पत्ती. आणि हिला पहिला कप दे."

"आधी ती काचेची काडी काढा माझ्या पाण्यातून," आत्या म्हणाली.

पुढे ऐंशीच्या दशकात मी नाशिकमध्येच कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा, 'नियम' ही कल्पनाच कशी बदलत गेली, याबद्दल जमेल तसं वाचत गेले. तिकडे युरोपात एके काळी निसर्गाचा नियम म्हणजे सरळ हुकूम समजत. कर्त्याने आज्ञा केली, चंद्राने आणि धोंड्याने ती पाळायची. आपणही अजून 'धोंडा नियम पाळतो' असंच म्हणतो, जसं कुणी चातुर्मासात कांदा न खाण्याचा नियम पाळावा! पुढे पुस्तकांतून हुकूम करणारा हळूच बाजूला झाला, पण हुकमाचा सूर राहिला. नियम म्हणजे लोखंडी, कुठेही, केव्हाही, अक्षराचा बदल नाही. आणि मग एकेक नियम आपापल्या सीमेवर जाऊन उभा राहिलेला लोकांना दिसू लागला. स्प्रिंग वजनाच्या प्रमाणात ताणते, पण एका हद्दीपर्यंतच. वायू नियमाने वागतात, पण फार दाबले, फार गारठवले की चाल बदलतात. ज्या नियमांवर ग्रह फिरतात असं छातीठोक सांगत, ते प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाला पुरे पडेनात. आणि अणूच्या पोटात तर नियम एकेकट्याबद्दल काही सांगतच नाही, घोळक्याबद्दल सांगतो. एवढ्या अणूंतले इतके फुटतील, पण हा कधी फुटेल ते विचारू नका. हुकमाचं असं हळूहळू वचन होत गेलं. असं असं असेल, तर असं असं होईल.

हे मी निवृत्त आबांना सांगायची. ते अणूंवर खूश झाले. "मोर्चासारखं आहे की! कोण कुठं चहाला थांबेल सांगता येत नाही, पण मोर्चा कलेक्टर कचेरीवर जाणार हे नक्की." दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले, तर घराच्या फाटकापाशी येऊन म्हणाले, "हुकमापासून अटीपर्यंत यायला तुझ्या त्या मोठमोठ्या लोकांना दोन-तीनशे वर्षं लागली म्हणतेस?"

"हो."

"आपण एका गाडीत उरकलं."

ते खोटंही नव्हतं. दादरहून परतल्यावर आबा वर्गात आले आणि फळ्यावर लिहिलेला शंभरचा आकडा त्यांनी स्वतःच पुसला. "मी तुम्हाला अर्धाच नियम शिकवत होतो," ते म्हणाले. "दिसेल ते लिहा. आणि हवा किती, ते शेजारी लिहा." मास्तराने फळ्यावर स्वतःची चूक काढलेली त्या पोरांनी पाहिली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत मात्र गणिताचे सर तयारच होते. "काय हो, मिळाली का शेवटी पाण्याला सवलत?" या खेपेला मी दारातून हलले नाही. आबांनी त्यांच्या हातातल्या कपाकडे बोट दाखवलं. "मिळाली ना. तुम्हीही घेताय ती. तुमचा चहाही अठ्ठ्याण्णवलाच उकळलाय."

चहा पिणारे पुन्हा हसले. या वेळी आबा हसले नाहीत. कपाट उघडून खडू घेतले आणि तासाला गेले.

पण नाव पुसलं गेलं नव्हतं. 'दोन डिग्री' चालूच होतं. मला वाटायचं, ते मी लावलेलं आहे, ते मलाच काढायला हवं, आणि कसं ते सुचत नव्हतं. आबांना त्याचं काहीच नव्हतं, किंवा तसं ते दाखवत होते. त्यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. एका रविवारी त्यांनी सगळ्या वर्गाला अंजनेरीच्या डोंगरावर नेलं. मुलींनी घरून परवानगी आणली. 'सवलत'वाल्या मुलाच्या डोक्यावर आबांनी पातेलं दिलं. "तू उंच आहेस, तुला ओझं कमी लागेल." पोरगा चढताना सारखा कुरकुरत होता, "सर, पाणी खालीच उकळून आणलं असतं!"

वर पठारावर वारा इतका, की काड्या विझून जायच्या. तीन दगड मांडले, सगळी पोरं अंगाचा आडोसा करून गोल बसली. पाणी तापायच्या आधी आबा उठले, खिशातून खडू काढला आणि काळ्या कातळावर हातभर मोठा आकडा लिहिला: शहाण्णव.

"सर, अजून उकळलं नाही!"

"म्हणूनच आत्ता लिहिला. हजार फुटांना साधारण एक डिग्री. आपण चार हजारांच्या आसपास आहोत. पाणी ऐकत नसेल तर आत्ता कळेल."

आजवर पाणी उकळायचं आणि आबा त्याला सांगायचे की तू चुकलास. आज ते आधी बोलले होते आणि पाण्याला सिद्ध करायचं होतं. चुकले असते, तर त्या कातळावरचा आकडा खाली शाळेत 'दोन डिग्री'च्याही पुढे गेला असता. त्यांना ते माहीत होतं. मलाही.

थर्मामीटर त्यांनी माझ्या हातात दिला नाही. पातेलं वाहून आणलेल्या मुलाला दिला. "तू वाच. मोठ्याने."

"नव्वद," तो म्हणाला. "त्र्याण्णव. पंच्याण्णव." मग त्याचा आवाज बदलला. "पाणी उकळतंय सर. पारा... शहाण्णव. थांबला." तो पुन्हा वाकला. "थांबला सर! हलत नाही!"

सगळे एकावर एक पडून बघायला लागले. कुणी त्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला, कुणी आबांच्या सदऱ्याला हात लावून बघितला, जणू त्यातून काहीतरी कळणार होतं. त्या मुलाने मान वर करून आबांकडे पाहिलं. "सर, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला नाही कळलं," आबा म्हणाले. "नियमाला कळलं. ओता ते पाणी. पुन्हा ठेवा."

"पुन्हा?" सगळा वर्ग कण्हला.

"एकदा झालं तर योगायोग म्हणतील."

आम्ही पाणी ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा जाळ केला, वाऱ्याने दोनदा विझवला, तिसऱ्यांदा धरला. पारा पुन्हा त्याच रेघेवर येऊन उभा राहिला. आणि शाळेत कधी आवाज न चढवणारे माझे आबा दरीकडे तोंड करून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "शहाण्णव!"

मी ओरडले. पातेलंवाला ओरडला. मग सगळा वर्ग ओरडला, आणि खाली उतरेपर्यंत ओरडतच राहिला.